ताट कापलेला फोटो

पंजाबरावांच्या घरी अलीकडे आधी फोटो निघायचा आणि मग ती गोष्ट घडली असं धरलं जायचं. वांग्यावर फवारणी केली, फोटो. गावातला कुणी म्हातारा तापानं फणफणला आणि हे भेटायला गेले, फोटो. म्हातारा गोधडीत कुडकुडतोय आणि हे त्याचा हात धरून भलतीकडेच बघताहेत, कारण कॅमेरा तिकडे आहे. नांदगाव खंडेश्वरजवळ काळी कसदार जमीन, तीत भाजीपाला आणि झेंडू-शेवंती, अमरावतीच्या बाजारात चार माणसं ओळखतात, घरात भांडण नाही. अशा माणसाला जिल्हा परिषदेचं तिकीट कशाला हवं होतं, हे विचारायची सोय नव्हती. सुखातला जीव दुःखात घालायची हौस काहींना असतेच.

'पंजाबभाऊ मित्रमंडळ' हे फेसबुकवरचं पान चालवायची त्यांची मुलगी हर्षा. पोरगी हुशार. अकोल्याला कॉलेज केलेलं, स्थळं बघणं चालू, हाताला काम नाही; बापानं हे काम दिलं आणि तिनं ते मन लावून केलं. कोणता फोटो लोक थांबून बघतात आणि कोणता अंगठ्यानं वर सरकवून टाकतात, हे तिला बरोबर कळायचं. बापाच्या नावानं कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या, कुणाच्या दुःखात सहभागी व्हायचं, तेही हीच ठरवायची. पंजाबराव सकाळी चहा घेताना विचारत, "आज मी काय काय केलं व?" आणि ती वाचून दाखवी.

यंदाच्या दिवाळीत मंडळानं ठरवलं, भाऊबीजेच्या दिवशी गावातल्या गरीब बायकांना साड्या वाटायच्या. अमरावतीहून गठ्ठा आला. रंग निरनिराळे, पण काठ सगळ्यांचे एकसारखे, पिवळे, त्यांवर बारीक हिरव्या कोयऱ्या. पाडव्याच्या संध्याकाळी घरातल्या बायका पडवीत बसून त्या साड्यांच्या घड्या नीट करून पिशव्यांत भरत होत्या. त्यांत तानुबाईही बसली होती. आल्या आल्या हातपाय धुतले आणि सरळ कामाला लागली, पाहुणीसारखं बसून राहणं तिला जमतच नसे.

तानुबाई म्हणजे हर्षाची आत्या, पंजाबरावांची थोरली बहीण. अकोल्याला दिलेली. तिचा नवरा नत्थुजी मोर्णा नदीकाठच्या तुकड्यात भाजी पिकवतो आणि ही बाजारात बसून ती विकते. लक्ष्मीपूजनाचा झेंडू विकून झाला की दरवर्षी पाडव्याला ती माहेरी येते, भाऊबीजेला भावाला ओवाळते आणि दुसऱ्या दिवशी परत. परिस्थिती बेताची, मान मात्र ताठ. बाजारातल्या बायकांना भावाच्या मळ्याच्या गोष्टी सांगताना तिला दुपार पुरत नाही. हर्षा कॉलेजची सगळी वर्षं तिच्याच घरी राहिली. अंधारात उठून आत्या तिच्या डब्याची भाकर थापायची आणि मग टोपलं घेऊन बाजाराला निघायची. त्या घरात हर्षाला कुणी कधी पाहुणी म्हटलं नाही आणि ओझंही म्हटलं नाही.

भाऊबीजेला सकाळी अंगणात वाटप झालं, भाषण झालं, फोटो झाले. दुपारी घरची भाऊबीज. पाट मांडला, पंजाबराव टोपी घालून बसले, ताटात दिवा लागला, आणि तेवढ्यात हर्षाच्या आईच्या, शकुनताईंच्या, काळजात धस्स झालं. वाटपाच्या धांदलीत नणंदेची साडी घ्यायची राहूनच गेली होती.

"आता कसं करू व?" त्या आतल्या खोलीत हर्षाच्या कानाशी लागल्या. "दुकानं बंद. बाईले काय तोंड दाखवू?"

"त्या गठ्ठ्यातली एक उरली आहे ना."

"तेच काठ होय ते."

"काठ कोण पाहते, आई? मी पिशवी बदलून देते."

कपाटात अमरावतीच्या एका मोठ्या दुकानाची चकचकीत पिशवी होती. हर्षानं साडी मंडळाच्या पिशवीतून काढली, त्या पिशवीत घातली आणि बापाच्या शेजारी नेऊन ठेवली. पंजाबरावांनी विचारलंही नाही. साडीचोळीचं बायका बघतात, पुरुषानं फक्त हात पुढे करायचा, अशी त्यांची समजूत होती.

तानुबाईनं ओवाळलं. पंजाबरावांनी पिशवीतली साडी काढून तिच्या हातांवर ठेवली. डाळिंबी रंगाची. तिनं घडीवरून एकदा हात फिरवला, भावाकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. हर्षाच्या हातात फोन होताच. तिनं फोटो काढला.

संध्याकाळी ती पानावर टाकायला फोटो निवडू लागली आणि वैतागली. सकाळच्या फोटोंत जीव नव्हता. बायका पदर कपाळापर्यंत ओढून उभ्या, एकेका साडीला मंडळाच्या सगळ्यांचे हात लागलेले, जसं काही हात सोडला तर साडी पळून जाणार होती, आणि सगळे समोर बघून दात काढताहेत. त्या सगळ्यांत हा एकच फोटो जिवंत. सुरकुतलेला चेहरा, भरलेले डोळे, हातांवर साडी, आणि समोर वाकलेले पंजाबराव.

ही आपली आत्या आहे, हे तिला माहीत होतं. चुकून गेला, गडबडीत गेला, असं कुणी म्हणेल, तर तसं अजिबात नव्हतं. ती थोडा वेळ थांबली. मग तिनं मनाची समजूत घातली: काठ तेच, दिवस तोच, भगिनी तर खरीच भगिनी, आणि अकोल्याला कोण बघतं नांदगावचं पान? फोटोच्या खालच्या कोपऱ्यात ओवाळणीचं ताट दिसत होतं, दिव्यासकट. ते राहिलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं की हे घरचं आहे. हर्षानं बोटानं चौकट वर ओढली आणि ताट कापून टाकलं. वर लिहिलं, "भाऊबीजेनिमित्त गरीब व गरजू भगिनींना साडीवाटप." तोच फोटो सगळ्यांच्या पुढे लावला आणि जेवायला गेली. जेवलीही पोटभर. हे तिला नंतर फार आठवलं.

फोटो धावत सुटला. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, कुठल्या कुठल्या गटांत गेला. कुणीतरी त्याच्याभोवती गुलाब आणि जोडलेले हात चिकटवून "असा भाऊ सर्वांना लाभो" असं सोनेरी अक्षरांत लिहिलं. पंजाबराव मिशीतल्या मिशीत हसले. "हे आपल्या हर्षीचं काम," असं त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं.

मग एक दिवस अकोल्याहून पिंटूचा, तिच्या आतेभावाचा, फोन आला. एरवी हा पोरगा फोन उचलला की आधी दहा टवाळ्या करायचा.

"हर्षे, तो मायचा फोटो तू टाकला काय?"

हर्षा फोन घेऊन पडवीत गेली.

"माय बजारात जाऊन नाई राहिली. बाजूच्या बाईनं फोन तिच्या हातातच देल्ला. म्हणे, 'काहून व तानुबाई, तू त भावाच्या मळ्याच्या गोष्टी सांगत होती, आन भाऊ तुले गरीब-गरजूत मोजते काय?' साऱ्या रांगेनं पाह्यला तो फोटो. बाबा त म्हणते, त्या घरचं आता पाणीसुदिक नाई प्याचं."

"मी काढते, पिंटू. आत्ताच काढते."

"काढ," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तिनं आत्याचा फोटो पानावरून काढला. पण फोटो म्हणजे काही कढईतली भजी नव्हेत, झाऱ्यानं उचलली की संपलं. ज्याच्या त्याच्या फोनात तो जाऊन बसला होता, गुलाबांसकट. आणि व्हायचं ते झालंच. खुशालराव नावाचे दुसरे एक इच्छुक त्याच तिकिटावर डोळा ठेवून होते. त्यांच्या माणसांनी तानुबाईला बरोबर ओळखलं. "सख्ख्या बहिणीला साडी देऊन गरीब दाखवलं, बाकीच्याही घरच्याच असतील," असं लिहून त्यांनी तोच फोटो पुन्हा फिरवला.

हर्षा बापाला सांगायला गेली तेव्हा पंजाबराव अमरावतीच्या कुण्या साहेबाशी फोनवर बोलत होते. ती दारातच थांबली.

"नाई नाई साहेब, कायची बहीण? माझी बहीण अकोल्याले असते. हे दुसरीच बाई आहे. चेहरा सारखा असते एखाद्याचा... हो हो. माझी बहीण नाईच ते."

त्यांनी फोन ठेवला, हर्षाला पाहिलं आणि टोपी काढून पुन्हा घातली.

"बाबा, आत्याले एक फोन करा ना. तिनं बाजारात जाणं सोडलं."

"करतो ना. तिकिटाचं होऊन जाऊ दे. आता फोन केला आन ते कोनाजवळ बोलली, त सारं मुसळ केरात."

"तिच्या मनाले लागलं आहे, बाबा."

"मोठी बहीण आहे माही. लहानाचं मोठं केलं तिनं मले, समजून घेईन." ते जरा घुटमळले. "आन तो फोटो काहून काढला तू? काढला म्हणजे कबूल केल्यासारखं झालं. आता बाकीचे तसेच राहू दे. एकही हालवू नको, सांगून ठेवतो."

हर्षाला बापाचा राग आला, पण तो राग तिला धड करताही येईना. बापानं बहीण नाकारली खरी, पण गरजूंच्या रांगेत आधी उभी कोणी केली? आई वेगळीच सुटली होती. "म्या म्हटलं होतं, तेच काठ होय म्हणून," असं त्या उठता-बसता म्हणत आणि अंग काढून घेत. पाप सगळ्यांचं मिळून झालं होतं, वाटणीला मात्र हर्षा एकटीच. ताटावर बसली की तिला आत्याच्या हातची भाकर आठवायची आणि घास तोंडात फिरायचा. आपण ज्या हाताचं खाल्लं, तो हात साडीसाठी पसरलेला दाखवला, या विचारानं तिला स्वतःची किळस येऊ लागली.

शेवटी अमरावतीला मैत्रिणीकडे जाते असं सांगून तिनं अकोल्याची एसटी पकडली. वाटेत शेजारची बाई फोनवर कुणाच्या तरी बारशाचे फोटो बघत होती. एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करायची, बाळापेक्षा मागच्या बायकांच्या साड्याच जास्त बघायची. हर्षानं तोंड खिडकीकडे फिरवलं. मूर्तिजापूर गेलं तरी आत्याला काय सांगायचं ते ठरेना. सगळं खरं सांगायची हिंमत नव्हती. फोटो चुकून गेला, एवढंच म्हणावं आणि पाय धरावेत, असं तिनं अकोला येईतो पक्कं केलं.

मोर्णेच्या काठी आत्याचं घर तसंच होतं. अंगणात ओल्या पोत्यावर सांबार, म्हणजे कोथिंबीर, पसरलेला, आणि आत्या त्याच्या जुड्या बांधत बसली होती. बाजारात जाणं बंद होतं, पण माल काही थांबत नाही. हल्ली पिंटू सकाळी नेऊन ठोकात देऊन यायचा. नत्थुजी पाण्याच्या पाइपाला चिंधी गुंडाळत होते. त्यांनी हर्षाला पाहिलं आणि हातातलं काम घेऊन पाठ फिरवून बसले. एरवी "आली काय कलेक्टरीनबाई" म्हणून ओरडणारा माणूस.

"आली काय?" आत्या म्हणाली. "बस. माठातलं पाणी घे."

हर्षानं पाणी घेतलं नाही. समोर बसली आणि एसटीत घोकलेलं एका दमात म्हणून टाकलं. "आत्या, तो फोटो चुकून गेला. सगळे फोटो एकदम निवडले गेले, त्यात तुझा पण गेला. माझ्या लक्षातच नाही आलं. माफ कर मले."

"होते असं," आत्या म्हणाली. जुडी बांधली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

झालं. इतकं सोपं. हर्षाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला आलो आणि आणखी एक खोटं आत्याच्या पदरात टाकलं.

आत्यानं नवऱ्याच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "फोटोचं काय घेऊन बसली व तू? साडीचं सांग. पिशवी कोनं बदलली? तूनं, का तुया मायनं?"

हर्षानं पोत्यावरची एक काडी उचलली.

"पाडव्याच्या रोजी त्या घड्या म्याच घातल्या ना. एक-एक साडी या हातातून गेली. डाळिंबी एकच होती. ते म्या मुद्दाम बाजूले ठेवली. मनात म्हटलं, कोन्या गरीब बाईच्या नशिबात आहे कोन जाने, शोभून दिसन तिले." आत्याचे हात चालूच होते. "आन दुसऱ्या दिवशी पंजाबनं तेच माह्या हातावर ठेवली. त्या फोटोत मी रडून राहिली, तुले काय वाटलं? आनंदानं?"

हर्षाला तेच वाटलं होतं. तिलाच काय, गुलाब चिकटवणाऱ्यालाही, "असा भाऊ लाभो" म्हणणाऱ्या सगळ्या जगालाही. तिला त्या डोळ्यांवरून फोटो निवडल्याचं आठवलं आणि तिचा बांध फुटला.

"मीच बदलली पिशवी, आत्या. आई नाही म्हणत होती. फोटोही चुकून नाही गेला. मीच निवडला, सगळ्यात चांगला होता म्हणून निवडला. त्यात ओवाळणीचं ताट होतं, ते मी कापून टाकलं, कोणाले कळू नये म्हणून." ती ओंजळीत तोंड घालून रडू लागली. नत्थुजींनी मागे वळून पाहिलं नाही.

 आत्यानं हर्षाला जवळ घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही. सांबाराची मुळं झटकली, जुडी बांधली.

"रडून काय होते आता?" ती म्हणाली. "माह्यं ऐक. बजारातल्या बायांले म्या सांगतलं, वाटपातली नोय ते साडी, भाऊबीजेची होय, वहिनीनं अमरावतीहून निवडून आणली. त म्हणतात, मंग नेसून ये. कशी नेसू? तुया त्या पानावर बाकीच्या बायांच्या हातात तेच काठ. मोठ्ठं करून पाहतात त्या, लय चावट आहेत. म्हणून घरात बसली मी." तिनं जुडी बाजूला ठेवली. "तूनं माहा फोटो काढून टाकला. काहून काढला? माहा नोयता काढाचा. त्यायचे काढाचे होते."

"म्हणजे?"

"माहा ठेव. ताट आहे ना व त्यात, तुयाजवळच्या फोटोत?"

"आहे."

"ताटासकट ठेव. बाकीचे सारे काढ. मंग मी नेसतो साडी आन बसतो बजारात. पाहू दे कोनाले काय पाहाचं ते."

हर्षानं फोन हातात घेतला आणि तशीच बसून राहिली. एकही हालवू नको, असं बापानं बजावलं होतं. वाटपाचे ते फोटो म्हणजे तिकिटासाठी बापाची सारी कमाई. ते काढायचे आणि ताटासकट बहिणीचा फोटो लावायचा, म्हणजे साहेबापुढे बापाला उघडं पाडायचं. बापानं 'ती माझी बहीण नाहीच' असं सांगितलंय, हे आत्याला अजून माहीत नव्हतं. ते तिला कोणत्या तोंडानं सांगणार? बरं, जुना फोटो लोकांच्या फोनात राहणार तो राहणारच. एवढं करून आत्याची अब्रू पुरती झाकली जाईल याची काय खात्री?

पण आत्या मागत होती ते एवढंच होतं. आणि आजवर तिनं हर्षाकडे कधी काही मागितलं नव्हतं.

तिनं वाटपाचे फोटो एकेक करून काढले. पदर ओढलेल्या बायका गेल्या, दात काढणारं मंडळ गेलं, हार गेले. मग फोनातला मूळ फोटो शोधला, न कापलेला, आणि तो एकटाच पानावर ठेवला. आत्या मान पुढे करून बघत होती.

"काय लिहू, आत्या? आईनं निवडून आणलेली साडी, असं लिहू?"

"खोटं नको लिहू आता. दिवा दिसते ना?"

"दिसते."

"मंग पुरे."

हर्षानं फक्त 'भाऊबीज' लिहिलं आणि बटण दाबलं. आत्या दिव्यावर बोट ठेवायला गेली तर फोटो मोठा झाला, तशी ती दचकली आणि हात मागे घेतला. मग तिनं आत जाऊन चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि परत येऊन बसली.

चहा उकळायच्या आतच फोन वाजला. पडद्यावर पांढऱ्या टोपीतले पंजाबराव हसत होते. आत्यानं ते पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"पंजाब व्हय? मले मालूम होतं तो करन. पाहा, फोटो पाह्यला बरोबर त्यानं." ती पदराला हात पुसू लागली. पाइपावरचे नत्थुजींचे हात थांबले.

हर्षानं फोन कानाला लावला होता. "डोकं फिरलं काय व तुयं?" बाप ओरडत होता. "कोनाले विचारून काढले फोटो? आन तो कायले टाकला? म्या साहेबाले सांगतलं का ते माझी बहीण—"

"बाबा," हर्षा मोठ्यानं म्हणाली, "आत्या बाजूलाच आहे. तिच्याशी बोला." आणि तिनं फोन आत्याच्या हातात दिला.

"पंजाब? मी बोलून राहिली. कसा आहेस गा?"

हर्षा अगदी खेटून बसली होती. आधी पलीकडे काहीच ऐकू आलं नाही. मग पंजाबरावांचा आवाज आला, खूप लांबून आल्यासारखा. "बाई... मी जरा मिटिंगीत आहो. मंग करतो." आणि फोन कटला.

आत्यानं तो कानावरून काढला नाही. ती तशीच बसून राहिली, समोर नवऱ्याची पाठ. मग तिनं घसा साफ केला.

"अरे नाई रे बापा," ती सगळ्या अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माफी कायची मांगतं? भाऊ-बहिणीत माफी असते काय? ... नाई नाई, रडू नको. लहान आहे काय तू आता? ... हो, हे इथंच आहेत, सांगतो त्यायले. ... जेवला काय तू? ... बरं. पुढच्या साली तूच ये अकोल्याले. हो, ये. वाट पाहतो मी."

तिनं फोन उलटा करून हर्षाच्या मांडीवर ठेवला. हर्षाकडे तिनं पाहिलं नाही.

"चुकलं म्हणते माह्यं," ती नवऱ्याला म्हणाली. "लेकरासारखा रडून राहिला होता."

नत्थुजी उठले. चिंधीला हात पुसले आणि पहिल्यांदाच हर्षाकडे नीट पाहिलं. त्या घरात इतकी वर्षं जेवताना तिच्या ताटात आधी वाढायला लावणारा माणूस.

"खरंच रडला काय व तुया बाप?"

आत्यानं जुडी बांधता बांधता हात थांबवला. आत चहा उतू जाऊन चुलीत चरचरत होता.

"हो मामाजी," हर्षा म्हणाली. "लई रडले."